उजव्या पंखाचं पीस

"रडणाऱ्या पोराचं काही नाही गं, टॅमसिन. पोर गप्प झालं की मात्र पळत सूट," असं बेरिलने तिला बजावलं होतं, आणि टॅमसिनने ते हसून सोडून दिलं होतं. सासूचं बोलणं म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून. टॅमसिन कॉलेजात शिकलेली होती. बालसंगोपनावरची जाडजूड पुस्तकं तिने गरोदरपणातच पेन्सिलीने खुणा करकरून वाचली होती, आणि त्यांपैकी एकाही पुस्तकात 'पळत सूट' असा सल्ला नव्हता. शांत खेळणारं मूल हे समाधानी मूल, असं तिथे स्वच्छ छापलेलं होतं.

तशी ती बेफिकीर आई मुळीच नव्हती. द्राक्षाचे चार तुकडे झाल्याशिवाय ते तिच्या नेलच्या बशीत जात नसे. जिन्याला वर एक आणि खाली एक फाटक होतं, स्वयंपाकघराला होतं, न्हाणीघरालाही होतं. टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंजच्या टोप्या घातलेल्या होत्या. "आपल्या घरात पाणी प्यायला उठायचं म्हणजे अडथळ्यांची शर्यत," असं नवरा ह्यू म्हणायचा, आणि पोटरी चोळायचा.

आणि तरीही एप्रिलमधल्या त्या सकाळी, म्हाताऱ्याच्या वाढदिवसाला, टॅमसिन आरशासमोर हॅटची पिन लावत उभी होती आणि नेल गप्प होती.

म्हातारा म्हणजे गावचा नाटककार. जगाच्या पाठीवर रोज कुठे ना कुठे त्याच्या नाटकाचा पडदा वर जातो. त्याला नावाने हाक मारायची ती परक्यांनी. गावाच्या तोंडी तो नुसता 'म्हातारा', घरातल्यासारखा. खरं तर गेला तेव्हा तो पन्नाशीतच होता. तो जन्मला आणि गेला त्याच तारखेला, असं गाव मानतं, त्यामुळे आनंद आणि दुःख एकाच केकमध्ये उरकतं. त्याच्याविषयी खात्रीने ठाऊक असलेल्या गोष्टी एका हातरुमालात बांधता येतील. लग्न केलं, मुलं झाली, मधली काही वर्षं कुठे होता देव जाणे, नाटकं लिहिली, मोठं घर घेतलं, आणि मृत्युपत्रात बायकोला घरातला दोन नंबरचा पलंग ठेवला. एवढ्याशा रुमालावर जगभरच्या विद्वानांची पोटं भरतात, आणि गावाचंही.

चर्चमध्ये भिंतीवर त्याचा दगडी अर्धपुतळा आहे. गुबगुबीत चेहरा, जेवण अंगी लागल्यासारखा. पुतळा दगडी असला तरी उजव्या हातातली लेखणी खरी असते, हंसाच्या पिसाची. दरवर्षी वाढदिवसाला मिरवणूक निघते, जुनी लेखणी काढतात आणि नवी बसवतात. आणि हे नवं पीस गावात एकाच घरातून येतं: टिडमार्शांच्या. म्हणजे बेरिलच्या. पिढ्यान्‌पिढ्या.

पीस कुठलंही चालत नाही. डाव्या पंखाचंच लागतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचं पीस सोयीचं, कारण ते बाहेर वळतं, डोळ्यापुढे येत नाही. हे बाहेरच्या जगात पक्षितज्ज्ञांनाही पटकन सांगता येणार नाही, पण या गावात शाळकरी पोरंसुद्धा पीस हातात घेतलं की पंख सांगतात. टिडमार्शांचं पीस एकदा जरी चुकलं, तरी मान कायमचा पार्जेटरांच्या घरी जायचा, असा ठराव. पार्जेटरबाईंचे हंस परसात तयारच होते, आणि पार्जेटरबाई तर त्याहून तयार.

या वर्षी बेरिलच्या गुडघ्याने संप पुकारला. तिने लेखणी बसवलेली मखमली उशी टॅमसिनच्या हाती दिली होती, ती अशी, की जणू किडनी देतेय.

"माझ्या सासूने मरेपर्यंत ही उशी मला दिली नाही. शेवटी तिच्या हातातून सोडवून घ्यावी लागली."

"मी सांभाळीन, बेरिल. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

"निश्चिंत? तुझ्या भरवशावर?" असं म्हणून बेरिल शेजाऱ्यांच्या गाडीत बसून चर्चला पुढची जागा धरायला गेली. ह्यू ढोल घेऊन बँडकडे गेला. टॅमसिनने उशी हॉलमधल्या टेबलावर ठेवली. अगदी मधोमध.

"नेल?" तिने हाक मारली.

ती टेबलापाशी आली.

"नेलू? राणी?"

टेबलाचा रुमाल एका बाजूने खाली ओढला गेलेला होता. टॅमसिनने वाकून पाहिलं. नेल टेबलाखाली मांडी ठोकून बसली होती, अत्यंत समाधानी. उशी तिच्या मांडीवर होती. लेखणी तिच्या तोंडात होती. म्हणजे लेखणीचा तेवढा भाग, जो अजून लेखणी म्हणता आला असता.

टॅमसिनने आधी आईचं काम केलं. बोट घालून तोंड झाडलं, पोरीला पालथी धरून पाठ थोपटली, जिभेखाली पाहिलं, तुकडे जमिनीवर जुळवून काही पोटात गेलं नाही ना याची खात्री केली. नेल तिच्याकडे बघून हसली. तिला दोनच शब्द यायचे. त्यातला एक तिने वापरला.

"अजून."

मग टॅमसिन जमिनीवर बसली. बेरिलचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. एका घराण्याचा मान आपल्या मुलीने, दात येण्याच्या काळात, चघळून संपवला. पुढची चाळीस वर्षं ख्रिसमसच्या जेवणाला हा विषय निघणार, टर्कीच्या आधी. गेल्या उन्हाळ्यात गळालेली बाकीची पिसं बेरिलने शाळेच्या नाटकाला देऊन टाकलेली. आता उरला होता तो एकच मार्ग, आणि तो परसात फिसफिसत होता.

हंस म्हटला की आपल्याला मोती टिपणारा, प्रेमिकांचे निरोप नेणारा पक्षी आठवतो. बेरिलचा हंस पोटऱ्या टिपायचा. त्याचं नाव ब्रिगेडियर. पोस्टमन त्याच्यामुळे पत्रं कुंपणावरून फेकायचा.

नेलला बाबागाडीत बसवून, तिचे पट्टे दोनदा तपासून, टॅमसिन पावाचा तुकडा घेऊन परसात गेली. 

"ये रे राजा. एकच पीस. गळायला आलेलं असेल एखादं. तुला कळणारही नाही."

ब्रिगेडियरने पाव खाल्ला. मग तिच्या बोटांकडे पाहिलं. टॅमसिन मागे सरकली, बाबागाडी मागे सरकली, आणि परसाचं दार धाडकन उघडलं. ज्या घरात जिन्याला दोन, स्वयंपाकघराला एक आणि न्हाणीघराला एक फाटक होतं, त्या घराच्या परसाचं रस्त्याकडचं दार नुसतं लोटलेलं होतं. ब्रिगेडियर मान उंच करून बाहेर पडला, डावीउजवीकडे पाहिलं, आणि जिथून बँडचा आवाज येत होता तिकडे रुबाबात चालू लागला.

"नाही!" टॅमसिन ओरडली.

"नाही," नेलने आपला दुसरा शब्द वापरला आणि टाळ्या पिटल्या.

मिरवणूक मोठ्या रस्त्यावर आली होती. पुढे बँड, मागे महापौर गळ्यात सोन्याची साखळी घालून, त्यांच्यामागे परदेशी वकिलातींचे पाहुणे, मग मास्तर, पोरं, सगळं गाव. प्रत्येकाच्या कोटाला, आठवणीची खूण म्हणून, रोझमेरी या सुगंधी झुडपाची डहाळी. बँड आणि महापौर यांच्यामध्ये मोकळी जागा सोडलेली असते. ब्रिगेडियरला ती आपल्यासाठीच सोडलेली वाटली. तो तिथे घुसला, आणि ढोलाच्या ठेक्यावर चालू लागला. फुटपाथवरच्या पर्यटकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

टॅमसिन एका हाताने बाबागाडी ढकलत, दुसऱ्या काखेत रिकामी उशी दाबत धावत आली. उशीवर तिने रोझमेरीची मोठी डहाळी आडवी टाकली होती, झाकायला.

ह्यूने ढोल बडवता बडवता वळून पाहिलं. "टॅम! अगं, हा आपला ब्रिगेडियर!"

"तू ढोल वाजव!"

"पण तो इथे कसा..."

"ह्यू, तू फक्त ढोल वाजव!"

शेजारून एक उंच, सुरकुतलेले गृहस्थ चालत होते. हे लंडनचे प्रोफेसर क्लेग. म्हाताऱ्याच्या नुसत्या त्या दोन नंबरच्या पलंगावर त्यांनी अडीच इंच जाडीचा ग्रंथ लिहिला होता. ते टॅमसिनकडे झुकले.

"बाई, हा हंस दरवर्षी असतो? माझ्या वाचनात कसा आला नाही?"

खरं सांगायला वेळ लागला असता. "असतो," टॅमसिन म्हणाली. "म्हणजे, अधूनमधून."

"आणि तो कशाचं प्रतीक?"

"निष्ठेचं," टॅमसिन म्हणाली, आणि ब्रिगेडियरच्या शेपटीवर झडप घातली. हुकली.

"निष्ठा!" प्रोफेसर पुटपुटले. "बायकोची... की रंगभूमीची?" त्यांच्या डोळ्यांत एक नवा ग्रंथ दिसायला लागला.

चर्चच्या लोखंडी फाटकापाशी पार्जेटरबाई उभ्या होत्या. त्यांचं बाजारात आठवणवस्तूंचं दुकान होतं: म्हाताऱ्याचे मग, म्हाताऱ्याचे टॉवेल, म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचे अंडं ठेवायचे पेले. त्यांनी टॅमसिनला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय गं, धापा का टाकतेस? पीस कुठंय?"

"डहाळीखाली. वारा लागू नये म्हणून."

"पिसाला वारा लागू नये! हे बरं आहे. अगं, त्या हंसाला आयुष्यभर वाराच लागत होता ना!" पार्जेटरबाईंनी हळूच पर्स उघडली. आत टिशूत गुंडाळलेलं एक लांबसडक पांढरं पीस होतं. "मी आपलं एक बरोबर ठेवते हं दरवर्षी. डाव्या पंखाचं. न जाणो, कुणाची अडचण व्हायची. बेरिलचं वय झालंय, आणि तुझं तर काय, हातात पोर."

ब्रिगेडियर तेवढ्यात तिथे पोचला होता. त्याने पर्समधल्या पिसाकडे पाहिलं. ते पार्जेटरांच्या हंसाचं होतं, आणि पार्जेटरांच्या हंसाशी त्याचं कुंपणापलीकडून जुनं वैर होतं. पुढचं सगळं फार झटपट झालं. पर्स हवेत गेली. पार्जेटरबाईंचं पीस चिखलात पडलं आणि महापौरांच्या बुटाखाली गेलं. ब्रिगेडियर पंख फडफडवत फाटकाच्या गजांत अडकला, सुटला, आणि जणू आपलं काम झालं अशा थाटात चर्चच्या हिरवळीवर गवत खायला गेला.

एक मोठं पांढरं पीस गजांतून सुटलं, गिरक्या घेत खाली आलं, आणि बाबागाडीत पडलं.

नेलने ते घट्ट धरलं.

"नेल, राणी. आईला दे."

"नाही."

"सोन्या, ते घाण आहे. पक्ष्याचं आहे. जंतू असतात गं त्याला."

"नाही." पीस तोंडाच्या दिशेने निघालं.

घंटा वाजायला लागली होती. बँड थांबला होता. मागे वकिलातींचे पाहुणे ताटकळत उभे होते. टॅमसिनने बिस्कीट दिलं. नेलने दुसऱ्या हाताने घेतलं. किल्ल्या दाखवल्या, नेलला किल्ल्यांचा कंटाळा आला होता. शेवटी टॅमसिनने पिन काढून खिशात घातली आणि आपली नवी हॅट, लग्नांना आणि वाढदिवसाला घालायची एकुलती एक, बाबागाडीत ठेवली. नेलने हॅटकडे पाहिलं. पिसाकडे पाहिलं. हॅटला रिबिनी होत्या. सौदा झाला.

चर्चमध्ये पहिल्या बाकावर बेरिल काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसली होती. तिने सुनेचे उघडे, विस्कटलेले केस पाहिले, बाबागाडीत हॅट चावणारी नात पाहिली, आणि उशीवरचं पीस पाहिलं. तिचे ओठ आत गेले. बाकी काही नाही.

पाद्रीसाहेब शिडी चढले. जुनी लेखणी काढून त्यांनी खाली टॅमसिनच्या हाती दिली, नवी घेतली, आणि म्हाताऱ्याच्या दगडी बोटांत बसवली. सगळं गाव वर बघत होतं.

पीस आत वळलं होतं. थेट म्हाताऱ्याच्या नाकासमोर. त्याला शिंक येणार असं वाटत होतं.

गावात एवढी शांतता याआधी फक्त फुटबॉलच्या पेनल्टीला पाहिलेली होती. मग पार्जेटरबाईंचा आवाज आला, चिखलाने भरलेल्या पर्ससकट.

"उजवं! हे उजव्या पंखाचं आहे!"

"उजवं... उजवं आहे खरंच..." बाकांवरून कुजबूज पसरली. महापौरांनी साखळी सारखी केली. "मिसेस टिडमार्श," ते घसा खाकरून म्हणाले, "ठरावाप्रमाणे पाहता..."

टॅमसिनला वाटलं, जमीन दुभंगावी. खाली बरेच मान्यवर पुरलेले आहेत, आणखी एक मावेल.

"थांबा!" प्रोफेसर क्लेग उठून उभे राहिले होते. त्यांनी खिशातली छोटी दुर्बीण पुतळ्यावर रोखली होती. "उजव्या पंखाचं पीस कोण वापरतं? डावखुरा माणूस! अहो, मी तीस वर्षं हेच म्हणतोय! त्याच्या सह्या पाहा! एक धड नाही! तो डावखुरा होता, आणि शाळेत मास्तरांनी छड्या मारून त्याला उजवा केला! पुरावा नव्हता माझ्याकडे!" ते टॅमसिनकडे वळले. "बाई, हे मुद्दाम केलंय ना? तो हंस, ती निष्ठा, हे पीस... तुमच्या घराण्याला काहीतरी ठाऊक आहे!"

सगळं गाव टॅमसिनकडे बघायला लागलं.

काठीचा ठक्क आवाज झाला. बेरिल उभी राहिली होती, संपावरच्या गुडघ्यावर.

"आमच्या घरात," बेरिल म्हणाली, "अमुक एका वर्षी उजवं पीस द्यायचं असतं. सासू सुनेला सांगते. बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे."

"का पण?" प्रोफेसरांचा आवाज फाटला. "कारण काय?"

"तेच तर बाहेर बोलायचं नाही," बेरिल म्हणाली आणि खाली बसली.

प्रोफेसरांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. महापौरांनी ठरावाचा कागद उलटा घडी करून खिशात घातला. लंडनच्या प्रोफेसरासमोर आणि परदेशी पाहुण्यांसमोर कोण वाद घालणार. पार्जेटरबाई मात्र उभ्याच होत्या. "बेरिल टिडमार्श, तू धादांत..." असं त्यांनी सुरू केलं. मग त्यांची नजर बाकांवरून फिरली. पर्यटक फोन उंच धरून म्हाताऱ्याच्या डाव्या हाताचे फोटो काढत होते. पार्जेटरबाईंनी तोंड मिटलं. त्या दुकानदार होत्या.

आठवड्याभरात त्यांच्या दुकानात डावखुऱ्यांसाठी खास मग आले. मगाला कान एकच असतो आणि तो कुठल्याही हाताने धरता येतो, हे एकाही गिऱ्हाइकाच्या ध्यानात आलं नाही. डावखुरे लोक बसमधून थव्याने येऊ लागले, पुतळ्यासमोर उभे राहून डोळे पुसू लागले. जन्मभर उजव्या हाताच्या कात्र्यांनी छळलेली माणसं ती. एवढा मोठा माणूस आपल्यातला निघाला म्हटल्यावर कुणालाही गहिवरून येईल. कालपर्यंत म्हातारा ज्यांना परीक्षेपुरता ठाऊक होता, ते आता त्याची नाटकं तिकिटं काढून बघत होते. पुढच्या वर्षी पीस डावं द्यायचं की उजवं यावर समिती नेमली गेली. ब्रिगेडियरचं नाव मिरवणुकीच्या कार्यक्रमात अधिकृत छापायचं ठरलं, महापौरांच्या आधी.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी टॅमसिनने बेरिलच्या स्वयंपाकघरात चहा केला, आणि पेला तिच्यापुढे ठेवून घडलेलं सगळं सांगून टाकलं. टेबल, रुमाल, टेबलाखालची शांतता. शेवटी तिने खिशातून चघळलेला तुकडा काढून बशीत ठेवला.

बेरिलने तो चष्मा लावून उलटसुलट पाहिला.

"देठाकडून सुरुवात केलीन," ती म्हणाली. "ह्यू टोकाकडून करायचा."

टॅमसिनचा चहा हिंदकळला. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. पोराला पिसं आवडायची."

"बेरिल! मग त्या वर्षी म्हाताऱ्याच्या हातात काय होतं?"

बेरिलने बिस्कीट चहात बुडवलं, नेमकं मऊ होईपर्यंत धरलं, आणि खाल्लं. "डाव्या पंखाचंच होतं," ती म्हणाली. "अगदी नियमात. फक्त पार्जेटरबाईंना त्या दिवशी कळेना, आपला हंस असा तिरका का चालतोय."

टॅमसिन आधी घुसमटली, मग इतकी हसली, की तिला खुर्ची धरावी लागली. बेरिलही हसली. सासू आणि सून एकाच गोष्टीला एकाच वेळी हसणं त्या स्वयंपाकघराला नवीन होतं. "तुला काय वाटलं, ते गप्प पोराचं मी पुस्तकात वाचून सांगितलं होतं?" बेरिल डोळे पुसत म्हणाली. "पुढच्या वर्षीही उशी तूच ने. खोटं बोलायला शिकते आहेस हळूहळू."

"तुमच्याइतकं नाही जमायचं."

"जमेल. म्हाताऱ्याच्या गावात राहतेस. इथे सगळ्यांचं पोट त्याच्यावरच आहे."

दोघी चहा पिऊ लागल्या. बाहेर ब्रिगेडियर कुणाला तरी फिसफिसत होता. घड्याळ टकटकत होतं. उन्हाची तिरीप टेबलावर आली होती. घरात छान शांत वाटत होतं.

फार शांत.

दोघींनी पेले एकदमच खाली ठेवले. म्हाताऱ्याच्या हातातून काढलेली जुनी लेखणी, प्रोफेसरांनी अभ्यासासाठी उद्या न्यायला येतो म्हणून सांगितलेली, दिवाणखान्यातल्या खालच्या फळीवर होती.

"पळ!" बेरिल ओरडली, आणि गुडघ्यासकट सुनेच्या पुढे निघाली.

त्यांना ती वेळेवर सापडली की नाही, ते सांगता येईल सवडीने. पण तुम्ही हे वाचायला बसलात त्याला बराच वेळ झाला, आणि तुमच्याही घरात एखादं लहान पोर असेल. मघापासून त्याचा आवाज आलेला नाही. रडणं नाही, काही पडल्याचं नाही, भांड्यांवर डाव आपटल्याचं नाही. तुम्हालाही मनात म्हणावंसं वाटत असेल, की बरं झालं, शहाण्यासारखं खेळतंय. तर कृपा करा, हे इथेच पालथं ठेवा, आणि आधी उठून बघून या.